अनमेट डिपेन्डन्सीज: सर्व्हरवर पॅकेज अडलं की कुठून सुरुवात करायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर ह्या पट्ट्यात लिनक्स सर्व्हर चालवणाऱ्यांकडं वेगळं आयटी डिपार्टमेंट वगैरे काही नसतंय. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत अकाउंट बघणारा माणूसच सर्व्हर बघतो, गावच्या वाचनालयात कॉम्प्युटर कळणारा एखादा पोरगा असतो त्याच्या गळ्यात पडतं, आणि मशीन म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातनं सेकंडहँड आणलेला डेस्कटॉप. अशा ठिकाणी ‘अनमेट डिपेन्डन्सीज’चा (एका पॅकेजला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्याला, लागणारी दुसरी पॅकेजं मिळत नाहीत असा) लाल मेसेज आला की लोक काय करतात, नेटवर पहिली सापडलेली कमांड चिकटवतात, मग दुसरी, मग तिसरी, आणि संध्याकाळपर्यंत मूळ भानगड एक होती त्याच्या चार झालेल्या असतात.

माझं म्हणणं एकच आहे. दहातल्या नऊ वेळा पॅकेजमध्ये काही बिघाड नसतोच, रेपो (पॅकेजं जिथनं उतरतात तो साठा) आणि तुमच्या डिस्ट्रोची (उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या प्रकाराची) आवृत्ती ह्यांचा मेळ बसलेला नसतो. कुठला रेपो बसत नाही ते शोधायचं, तोवर कशावरच जबरदस्ती करायची नाही.

कमांड मी खाली देवनागरीतच लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल, जिथं कॅपिटल लागतंय तिथं सांगितलंय. सुडो म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या हक्कानं चालवायची.

आधी मेसेज नीट वाचा, म्हणजे खरंच वाचा

ॲप्ट (उबुंटू-डेबियनवर पॅकेजं बसवणारी कमांड) ओरडतंय तेव्हा बहुतेक प्रत्येक ओळीत ‘डिपेंड्स’ असतंय आणि त्या ओळीच्या शेवटी तीनपैकी एक वाक्य असतंय. ही तीन वाक्यं वेगवेगळी दुखणी सांगतात आणि तिथंच बहुतेकांची गल्लत होते.

पहिलं, ‘बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’. म्हणजे तुमच्या मशीनवर चालू असलेल्या एकाही रेपोत ते पॅकेज नाहीच. कितीही वेळा फिक्स-ब्रोकन (ॲप्टची अर्धवट राहिलेलं दुरुस्त करायची सोय) चालवा, जे नाहीच ते येणार कुठून? इथं एक तर रेपो बंद आहे, नाही तर तुम्ही दुसऱ्या आवृत्तीसाठी बनवलेलं पॅकेज टाकायलाय.

दुसरं, ‘बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’. पॅकेज आहे, पण त्याच्या मागं आणखी काहीतरी अडलंय. इथली युक्ती सोपी, त्या अडलेल्या पॅकेजचंच नाव घेऊन सरळ इन्स्टॉल करायला सांगा. मग ॲप्ट पुढची पायरी दाखवतंय, तिचं नाव घ्या, असं करत खाली खाली गेलात की शेवटी पहिल्या नाही तर तिसऱ्या प्रकारचं वाक्य सापडतंय. तेच मूळ.

तिसरं, ‘बट अमुक व्हर्जन इज टू बी इन्स्टॉल्ड’. म्हणजे एक आवृत्ती पाहिजे आणि मशीनवर दुसरीच बसलीय. नावाच्या शेवटी -डेव्ह असलेली पॅकेजं (प्रोग्रॅम बनवायला लागणारी) टाकताना हे फार येतंय, कारण त्यांना आपल्या जोडीच्या लायब्ररीची (पुस्तकांची नव्हे, बाकीचे प्रोग्रॅम वापरतात त्या सामायिक कोडची) तंतोतंत तीच आवृत्ती लागते.

आणि सगळ्यात खाली ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ म्हणून येतंय ते बघून घाबरायचं नाही. बऱ्याच वेळा कुणी काही होल्ड केलेलंच (आवृत्ती बदलू नये म्हणून अडवून ठेवलेलंच) नसतंय. खात्री पाहिजे तर

सुडो ॲप्ट-मार्क शोहोल्ड

म्हणा, काहीच आलं नाही तर त्या ओळीकडं दुर्लक्ष करा.

मशीनची भाषा मराठी किंवा कन्नड ठेवली असेल तर मेसेज अर्धे भाषांतरित येऊ शकतात आणि मग नेटवर शोधायला काही उपयोग नाही. कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लावा (एलसी, ऑल आणि सी तिन्ही कॅपिटल), तेवढ्यापुरता इंग्रजी मेसेज मिळतो.

पॉलिसी: ह्या एका कमांडवर अर्धं काम होतंय

ॲप्ट-कॅशे पॉलिसी पॅकेजचं-नाव

ह्यात ‘इन्स्टॉल्ड’ म्हणजे आता काय बसलंय, ‘कॅन्डिडेट’ म्हणजे ॲप्टला काय बसवायचंय, आणि खाली प्रत्येक आवृत्ती कुठल्या रेपोतनं मिळतेय त्याची यादी. रेपोच्या आधी ५०० आकडा दिसतो तो नेहमीचा. आता बारीक बघा, बसलेल्या आवृत्तीखाली फक्त १०० आणि /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस एवढंच असेल, एकाही रेपोचा पत्ता नसेल, तर ती आवृत्ती आज कुठल्याच रेपोत नाही. कुणीतरी कधीतरी पीपीए (उबुंटूसाठी बाहेरच्या कुणी चालवलेला जादा रेपो) जोडला होता, त्यातनं नवीन लायब्ररी आली, नंतर पीपीए काढला पण लायब्ररी तशीच राहिली. तिसऱ्या प्रकारच्या वाक्याचं हे एक नेहमीचं कारण. उपाय म्हणजे तिला रेपोतल्या आवृत्तीवर खाली आणायचं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॅकेजचं-नाव=आवृत्ती

आवृत्ती पॉलिसीत दिसतेय तशीच्या तशी लिहायची, शेवटच्या उबुंटू-बिबुंटूसकट.

दुसरं कारण म्हणजे अपडेट्स आणि सिक्युरिटी हे रेपो बंद असणं. मशीनवर अपडेट झालेली लायब्ररी आहे पण रेपोत फक्त मूळ रिलीजची दिसते, मग मेळ बसणार कसा? उबुंटू २४.०४ मध्ये ही यादी /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी ह्या फोल्डरात उबुंटू.सोर्सेस नावाच्या फाइलीत असते, जुन्यांत /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट मध्ये. तिथं नोबल (२४.०४ चं टोपणनाव), नोबल-अपडेट्स, नोबल-सिक्युरिटी तिन्ही पाहिजेत. २२.०४ असेल तर जॅमी, २०.०४ असेल तर फोकल. आणि एकाच यादीत जॅमी आणि नोबल दोन्ही दिसले तर पुढचं काही वाचू नका, आधी ते निस्तरा.

वाचनालयासाठी कोहा: पहिल्यापासून शेवटपर्यंत

खानापूर तालुक्यातल्या वाचनालयाचं उदाहरण घेऊ, मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तकं, कार्डावरचा हिशोब बंद करून कोहावर (वाचनालय चालवायच्या सॉफ्टवेअरवर) यायचंय. कोहा फुकट आहे, वेबवर चालतंय, पण त्याच्या पोटात पर्ल भाषेची ढीगभर मॉड्यूल्स, अपाचे (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), झेब्रा (शोधायचं इंजिन) असं सगळं लागतंय, म्हणून डिपेन्डन्सीचा अभ्यास करायला ह्याच्याइतकं चांगलं सॉफ्टवेअर दुसरं नाही.

डेबियन १२ घ्या असं मी सांगीन. उबुंटूवरही होतंय, पण कोहाची पॅकेजं मुळात डेबियनसाठी बनतात.

इथं पहिली अडचण इन्स्टॉल करतानाच तयार होते. नेट नसलेल्या खोलीत बसून डीव्हीडीवरनं किंवा पेनड्राइव्हवरनं डेबियन टाकलं की सोर्सेस.लिस्टमध्ये फक्त ‘डेब सीडीरॉम’ अशी ओळ राहते. मग प्रत्येक इन्स्टॉलला ते ‘डिस्क घाला’ म्हणतंय आणि डिस्कवर नसलेल्या पॅकेजला ‘नॉट इन्स्टॉलेबल’. त्या ओळीच्या आधी हॅश टाकून ती बंद करा आणि बुकवर्म (डेबियन १२ चं टोपणनाव), बुकवर्म-अपडेट्स, बुकवर्म-सिक्युरिटी ह्यांच्या नेटवरच्या ओळी घाला. उबुंटूवाल्यांचा तसाच प्रकार म्हणजे युनिव्हर्स (उबुंटूच्या रेपोचा एक भाग) बंद असणं, पर्लची बरीचशी मॉड्यूल्स तिथंच राहतात:

सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी युनिव्हर्स

मग कोहाचा रेपो. त्यांच्या वेबसाइटवर दिलेली की (रेपो खरा आहे हे पटवणारी डिजिटल किल्ली) /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवायची आणि रेपोच्या ओळीत साइन्ड-बाय लावून तिचा पत्ता द्यायचा. जुन्या लेखांत ॲप्ट-की ॲड असं सांगितलेलं असतंय, ते आता करू नका. त्या ओळीत स्टेबल, ओल्डस्टेबल, ओल्डओल्डस्टेबल असे शब्द येतात, ते कोहाच्या आवृत्त्यांचे, डेबियनच्या स्टेबलशी त्यांचा काही संबंध नाही. डेबियन जुनं आहे म्हणून लोक इथं ओल्डस्टेबल लिहितात आणि मग जुनं कोहा का आलं म्हणून विचारत बसतात.

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल मारियाडीबी-सर्व्हर
ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल कोहा-कॉमन

तिसऱ्या ओळीतला -एस म्हणजे नुसती रंगीत तालीम, खरं काही होत नाही. त्या लांबलचक यादीत ‘आरईएमव्ही’ने सुरू होणारी ओळ आहे का बघा. ती म्हणजे काढून टाकणार असलेलं पॅकेज. एकही नसेल तर बिनधास्त पुढं जा. पायथॉन३ किंवा सिस्टिमडी किंवा चालू डेटाबेस काढायचा बेत दिसला तर तिथंच थांबा. आणि दुरुस्तीच्या कामात -वाय कधीच लावू नका, तो प्रश्न विचारतोय तो तुमच्या भल्यासाठीच.

तालीम बरी दिसली की सुडो लावून कोहा-कॉमन खरोखर टाकायचं. त्यानंतर अपाचेचे रिराइट आणि सीजीआय चालू करणं, कोहा-क्रिएट --क्रिएट-डीबी चालवणं हे सगळं कोहाच्या कागदपत्रांत नीट दिलेलं आहे, त्यात मी पडत नाही.

हे झाल्यावरही कधी कधी शेवटी येतंय: ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (१)’ आणि वर चारपाच ओळी ‘डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स, लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड’. (डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम.) नाव डिपेन्डन्सीचं आहे पण दुखणं वेगळंच. एक कुठलीतरी सर्व्हिस (मागं सतत चालणारा प्रोग्रॅम) सुरू झाली नाही, म्हणून तिचं पॅकेज अर्धवट राहिलं, आणि तिच्यावर टेकलेली बाकीची सगळी रांगेत अडकली. तेव्हा शेवटची ओळ सोडा, वर जाऊन पहिली एरर शोधा. अपाचे असेल तर बहुतेक वेळा ८० नंबरचा पोर्ट (वेबचा नेहमीचा दरवाजा) आधीच कुणीतरी धरलेला असतो, एन्जिनएक्स (दुसरा वेब सर्व्हर) किंवा कधीकाळी टाकलेलं झॅम्प. बघायचं असं:

सुडो एसएस -एलटीएनपी
सिस्टिमसीटीएल स्टेटस अपाचे२
जर्नलसीटीएल -एक्सई

आणि डीएफ -एच पण मारा, डिस्कवर जागा किती उरलीय ते दिसतंय. /व्हार भरलेलं असेल किंवा /बूटमध्ये जुने कर्नल साचले असतील तरी असंच दिसतंय. अडचण काढली की

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

एवढ्यात रांग सुटते.

करंट गेला, नेट गेलं, मधेच बंद पडलं

जुलैत कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस लागला की ही वेळ येतेच. इन्स्टॉल चालू असताना मशीन बंद पडली तर घाबरण्यासारखं फार नसतंय, क्रम मात्र पाळा: आधी वरचीच डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, मग

सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

आणि मग अपडेट. एखादं पॅकेज अर्धवट डाउनलोड होऊन खराब झालं असेल तर सुडो ॲप्ट क्लीन करून परत आणा.

मशीन परत चालू केल्यावर लगेच ‘लॉक-फ्रंटएंड’ची (दुसरं कुणीतरी ॲप्ट धरून बसलंय अशी) तक्रार आली तर लॉकची फाइल डिलीट करू नका. मशीन उठल्या उठल्या अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट टाकणारी सोय) आपलं काम करत असतंय, चहा घेऊन या. अर्ध्या तासानं पण तसंच असेल तर पीएस एयूएक्सनं बघा खरंच कोण धरून बसलंय.

नेटच धड नसेल तर यादी काढून न्यायची पद्धत बरी पडते. त्या मशीनवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कसंतरी ॲप्ट अपडेट करून घ्या, मग

ॲप्ट-गेट --प्रिंट-यूआरआयज --यस इन्स्टॉल कोहा-कॉमन > यादी.टीएक्सटी

ह्यानं डाउनलोड काही होत नाही, जे जे लागणार त्याचे पत्ते यादीत पडतात. ती यादी पेनड्राइव्हवर घेऊन बेळगावात या, चांगल्या नेटवर, विंडोज असलं तरी चालतंय, सगळ्या डेब (म्हणजे पॅकेजच्या) फाइली एका फोल्डरात उतरवा आणि परत जाऊन त्या फोल्डरात

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब

ते ./ विसरायचं नाही, नाहीतर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रेपोत शोधायला जातंय. यादी त्याच मशीनवर काढलेली असल्यामुळं कमी-जास्त होत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करून आणलेल्यांचं तिथंच फसतंय, त्या कॉम्प्युटरवर आधीच असलेल्या गोष्टी उतरलेल्याच नसतात.

डीपीकेजी -आय का नको? कारण डीपीकेजी म्हणजे सामान दारात टाकून जाणारा टेम्पोवाला, आत जागा आहे का, जोडणी कोण करणार, ह्याची त्याला काही पडलेली नसते. ते सगळं बघायचं काम ॲप्टचं. आणि --फोर्स-डिपेंड्स लावलंत तर ते पॅकेज बसेल, पण त्यानंतर प्रत्येक वेळी ॲप्ट आधी ते निस्तरा म्हणून अडून बसणार.

लिबएसएसएल१.१ ची जुनी रडगाणी

फाउंड्रीवाल्यांकडं आणि ज्यांच्याकडं कुणीतरी नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायच्या सोयीत) ॲप बनवून दिलंय त्यांच्याकडं हे हमखास. मोंगोडीबी (एक डेटाबेस) ४.४ चालू होतं, मशीन उबुंटू २२.०४ वर आणली आणि आता ‘डिपेंड्स: लिबएसएसएल१.१, बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल (नेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर, लिबएसएसएल ही त्याचीच लायब्ररी) ३ आलं, १.१ काढून टाकलं. पहिल्या प्रकारचं वाक्य, म्हणजे रेपोत नाहीच.

नेटवर सगळे सांगतात की फोकलच्या रेपोतनं लिबएसएसएल१.१ ची डेब उचला आणि टाका. चालतंय का? चालतंय. पण ओपनएसएसएल १.१.१ ला त्यांच्या प्रोजेक्टनं ११ सप्टेंबर २०२३ ला राम राम केला, आणि तुमच्या जॅमीच्या रेपोतनं त्या फाइलीला अपडेट कधीच येणार नाही. पगाराचा, बिलांचा डेटा असलेल्या मशीनवर मी हे करणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही.

बरोबर क्रम उलटा आहे: आधी डेटाबेस वर न्यायचा, मग उबुंटू. २०.०४ वर असतानाच मोंगो ४.४ वरनं ५.० आणि ५.० वरनं ६.० करायचं, मधली पायरी गाळता येत नाही, आणि प्रत्येक पायरीला फीचर कंपॅटिबिलिटी व्हर्जन (कुठल्या आवृत्तीच्या सोयी चालू ठेवायच्या ती मोंगोची सेटिंग) वर चढवायचं. ६.० ची पॅकेजं फोकल आणि जॅमी दोन्हीसाठी आहेत, मग उबुंटू बदलला की नुसता रेपो जॅमीचा करायचा. त्याआधी बॅकअप, हे सांगायला नको.

इथं आणखी एक गोम आहे. मोंगो ५.० पासून प्रोसेसरला एव्हीएक्स (जुन्या प्रोसेसरात नसलेला सूचनांचा संच) लागतंय. सेकंडहँड कोअर टू ड्युओ असेल तर सगळ्या डिपेन्डन्सी बसतात, इन्स्टॉल हिरवंगार होतंय आणि सर्व्हिस सुरू करताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरते. आधीच तपासा:

ग्रेप -सी एव्हीएक्स /प्रोक/सीपीयूइन्फो

शून्य आलं तर पॅकेजशी झटापट करून उपयोग नाही, मालकाला सांगा मशीन बदला.

‘जीलिबसी_२.२८ नॉट फाउंड’ हे त्याचंच मोठं भावंड, जीलिबसी म्हणजे लिनक्सची पायाभूत लायब्ररी. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७, उबुंटू १८.०४ मध्ये २.२७, आणि नोड १८ ला २.२८ पाहिजे. जीलिबसी वरनं आणून बदलायचा विचारसुद्धा करू नका, एलएसपासून बॅशपर्यंत सगळं तिच्यावर उभं आहे. इथं एक तर ओएस वर न्या, नाही तर कंटेनर.

कंटेनर, आणि तो टाकतानाची मारामारी

जुनं सॉफ्टवेअर जुन्या लायब्ररीसकट एका डब्यात बंद करून चालवायचं तर डॉकर बरा. पण डॉकर टाकतानाच लोक अडकतात: उबुंटूच्या रेपोतलं डॉकर.आयओ आपल्याबरोबर कंटेनरडी आणतंय, डॉकरच्या स्वतःच्या रेपोतलं डॉकर-सीई आपल्याबरोबर कंटेनरडी.आयओ, आणि ही दोन एका मशीनवर नांदत नाहीत. एकच घराणं निवडा. डॉकर-सीई पाहिजे तर आधी

सुडो ॲप्ट रिमूव्ह डॉकर.आयओ कंटेनरडी रनसी

मग दुसरं. आणि कंटेनरचा पोर्ट उघडताना १२७.०.०.१ लावून (म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता) उघडा, कारण डॉकरनं उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला (उबुंटूच्या फायरवॉलला) विचारत नाही, तुम्हाला वाटतंय फायरवॉल आहे आणि बाहेर सगळं उघडं.

पायथॉनवाल्यांना डेबियन १२ वर पिप (पायथॉनची पॅकेजं टाकणारी कमांड) ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून हाकलून देतंय, त्यात --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावू नका, व्हेन्व्ह (त्या कामापुरता पायथॉनचा वेगळा कप्पा) करा. नाव वाचलं तरी कळतंय काय मोडणार ते.

रेडहॅट घराणं, थोडक्यात

सेंटओएस ७ अजून चालू असेल तर यमला (इकडचं ॲप्ट) मिरर (रेपोची प्रत) सापडणारच नाही, ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला आणि पॅकेजं व्हॉल्टमध्ये (जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात) गेली. व्हॉल्ट फक्त डेटा काढून घेण्यापुरता वापरा. अल्मा किंवा रॉकीवर (ह्याच घराण्यातल्या डिस्ट्रो) ‘नथिंग प्रोव्हाइड्स’ आलं तर पहिला संशय सीआरबीवर (सीआरबी आणि ईपेल हे जादा रेपो), ईपेल जोडलं पण सीआरबी बंद राहिलं की तसं होतंय (८ मध्ये त्याचं नाव पॉवरटूल्स):

सुडो डीएनएफ कॉन्फिग-मॅनेजर --सेट-एनेबल्ड सीआरबी

डीएनएफ म्हणजे यमच्या जागी आलेली कमांड. फाइल कुठल्या पॅकेजात आहे ते डीएनएफ प्रोव्हाइड्सनं शोधा. ८ वर मायएसक्यूएलचा स्वतःचा रेपो जोडूनही पॅकेज दिसत नसेल तर डिस्ट्रोचं मॉड्यूल आड येतंय, डीएनएफ मॉड्यूल डिसेबल मायएसक्यूएल. आणि डीएनएफची एक गोष्ट मला ॲप्टपेक्षा आवडते: डीएनएफ हिस्ट्री अनडू करून बरंचसं मागं जाता येतंय.

ॲप्टिट्यूड, होल्ड आणि मदत मागताना

गुंता फारच असेल तर ॲप्टिट्यूड टाका. ते तोडगे सुचवतंय, पहिला तोडगा बहुतेक ‘मग टाकूच नका’ असा असतो, एन दाबा, पुढचा बघा, पटेल तो वाय. ॲप्टिट्यूड व्हाय लावलं तर एखादं पॅकेज मशीनवर का आहे तेही सांगतंय.

सगळं सुरळीत झाल्यावर ते तसंच राहावं म्हणून ॲप्ट-मार्क होल्ड लावता येतंय. लावा, पण का लावलं, कधी काढायचं ते त्याच मशीनवर /रूट मध्ये एका टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी दुसरा पोरगा येणार आणि खरोखरच्या ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’शी डोकं फोडत बसणार. उबुंटूवर ‘केप्ट बॅक’ दिसलं तर लगेच होल्ड समजू नका, बऱ्याचदा ते टप्प्याटप्प्यानं सोडलेलं अपडेट असतंय, काही दिवसांत आपोआप येतंय.

आणि कुणाला फोन करायच्या आधी ह्या चार गोष्टींचा मजकूर कॉपी करून पाठवा, मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको: कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज, ॲप्ट-कॅशे पॉलिसी (पॅकेजचं नाव न देता, म्हणजे सगळे रेपो दिसतात), अडलेल्या पॅकेजची पॉलिसी, आणि मूळ कमांड ‘सुडो’पासून शेवटच्या ओळीपर्यंत.